मागांच्या गल्लीतला आवाज

नागपूरला मी आवाज मोजायला चालले आहे हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला? आपल्या आळीत काय कमी आहे?" शेजारच्या काकूंनी संत्र्यांसाठी पिशवी आणून दिली आणि विषय तिथेच संपला. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. कुठे किती गोंगाट आहे ते मोजायचं, काय केलं तर तो किती उतरेल ते गणितानं आधी सांगायचं, आणि मग तसा उतरवून दाखवायचा, हे माझं काम. याला काम म्हणतात हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही.

गाडीतला प्रवास सांगत बसत नाही. आवाज मोजायचं यंत्र परदेशी, आमच्याकडे एकुलतं एक, म्हणून त्याची पेटी मी सबंध वाट मांडीवर धरून बसले होते, आणि समोरचे गृहस्थ तिला रेडिओ समजून वर्धा येईपर्यंत मला "बाई, बातम्या तरी लावा" म्हणत होते.

नागपूरच्या फलाटावर "केळकर मॅडम" अशी हाक आली तेव्हा दोन हमाल आणि एक तिकीट तपासनीस एकदम वळले. हाक मारणाऱ्या बाई बुटक्या, चष्मा लावलेल्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. या वनमाला मेश्राम. महालातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांच्याच शाळेनं मला बोलावलं होतं. आवाज जाड आणि मधेच फाटणारा, पण चेहरा इतका सौम्य की तो आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटावा. पेटी घ्यायला त्यांनी हात पुढे केला. मी दिली नाही. त्या रागावल्या नाहीत, माझी वळकटी उचलून चालू लागल्या.

सायकलरिक्षात त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि इतक्या मोठ्यानं की वाटेवरच्या पानवाल्यांनाही कळलं असेल. त्यांच्या वर्गाला भिंतीला भिंत लागून रामभाऊ पौनीकरांचा पॉवरलूमचा कारखाना आहे. शाळा भरते त्याच वेळेत माग चालतात. नोकरीला लागल्यापासून बाई त्या खडखडाटावरून ओरडून शिकवतात. आता घशात गाठी झाल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, ओरडणं थांबलं तर गाठी विरतील, नाही थांबलं तर आवाज कायमचा जाईल. गावी म्हातारी आई, मिळवणाऱ्या या एकट्या.

"अन् मुक्या बाईले कोन मास्तरीण ठेवते, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत रिक्षावालाच मागे वळला. "ठेवतीन बाई, ठेवतीन. असं काहून बोलता?"

मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. तक्रार करून माग बंद पाडता आले नसते का, असं मी विचारलं, तर बाईंनी कपाळाला हात लावला. वर्गातली निम्मी पोरं त्या मागांच्याच पैशावर जेवतात. रामभाऊ माणूस चांगला, त्यांची अट एकच होती. आवाज आमचाच आहे हे मशीनवर दाखवा, मग म्हणाल ते करतो.

महाल

मी उतरले होते धरमपेठेत, कॉलेजातल्या मैत्रिणीकडे. तिथे सकाळी झाडांवरचे पोपट सोडले तर काही ऐकू येत नाही. तिथून महालात शिरलं की घरं जवळ येतात, गल्ल्या अरुंद होतात आणि प्रत्येक दारातून सुताचा आणि खळीचा वास येतो. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच मला तो खडखडाट ऐकू आला. मी खूष झाले, पेटी उघडायला घेतली, आणि शाळेच्या पायरीवर पाय ठेवला तोच सगळं गप्प.

मला वाटलं, वीज गेली. पण पलीकडच्या दारात रामभाऊ हात जोडून उभे होते. उंच, डोक्याला टॉवेल बांधलेला, बनियनवर सुताचे धागे. मागे त्यांचे सगळे विणकर.

"या ना ताई. पाहुणे आले अन् माग चालू, हे शोभते का? पयले चहा घ्या."

"अहो, मी मागांचाच आवाज मोजायला आलेय."

"मोजा ना. आम्ही नाही म्हणून राहिलो का? चहा तं घ्या."

चहा झाला. मग पोहे आले, वर तिखट रश्श्याची लाल तर्री ओतलेले, तिनं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. मग पाणी. मग "पुण्यात थंडी किती?" मी वर्गात जाऊन यंत्र लावलं, तर काटा तळाशी. माझ्यासमोर माग सुरू करणं म्हणजे माझा अपमान, हे त्या माणसांच्या मनातून काही केल्या जाईना. पुण्यात कुणी मोजमापाला आलं तर आम्ही दार अर्धंच उघडतो आणि ओळखपत्र विचारतो. इथे पाहुणचारानं माझं काम बंद पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. गल्लीच्या टोकाला मी दिसले की "ताई आल्या" असा पुकारा व्हायचा आणि एकामागून एक माग थांबायचे. मी चिडले. मी चिडले की माझं नाक लाल होतं आणि शब्द तुटक येतात, असं घरचे म्हणतात. रामभाऊंना म्हटलं, "तुम्ही असंच चालवलंत तर मी रिकाम्या हातानं परत जाईन, आणि मेश्रामबाईंचा आवाज जाईल." त्यांचा चेहरा पडला. "ताई, समजलं मले," ते म्हणाले. "पण पाय दिसला तुमचा का हात आपोआप बटनावर जाते, त्याले काय करू?"

तिसऱ्या दिवशी मी मैत्रिणीच्या मोलकरणीकडून जुनी शाल मागून घेतली, डोक्यावरून पदर ओढला, पेटी शालीखाली धरली आणि भाजीवाल्यांच्या बोळातून मागच्या दारानं वर्गात शिरले. चाळिशीतली शास्त्रज्ञ बाई कोंबडी चोरल्यासारखी चालली होती. पण माग चालू राहिले, आणि काटा असा उसळला की मी क्षणभर यंत्रावरच संशय घेतला. वर्गात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं, आणि त्यात मेश्रामबाई मानेच्या शिरा ताणून पोरांना नद्यांची नावं सांगत होत्या. त्यांच्याकडे बघून माझाच घसा दुखायला लागला.

मग मी सरळ कारखान्यात गेले. यंत्र हातात धरलेलं रामभाऊंना दिसलं, त्यांचा हात बटणाकडे गेला, पण त्यांनी तो मागे घेतला. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. आत कुणीच ओरडत नव्हतं. मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून सगळं बोलणं हातांनी चालतं. धागा तुटला, धोटा अडकला, मालक आला, प्रत्येकाची खूण वेगळी. रामभाऊंनी पाचही बोटं जुळवून ओठांशी नेली आणि भुवया उंचावल्या. जेवलात का? इथली पहिली खूण हीच. काटा वरच्या टोकाला थरथरत होता आणि ते मला जेवणाचं विचारत होते.

पोत्यांचं छत

काटा पाहिल्यावर रामभाऊंनी वाद घातला नाही. "आमचाच आवाज हाय," एवढंच म्हणाले आणि टॉवेलनं तोंड पुसलं. "आता सांगा काय करायचं."

मी कागदावर मांडून दाखवलं. शाळेच्या बाजूचे वरचे झरोके विटांनी बुजवायचे आणि उजेडासाठी पलीकडच्या भिंतीत नवे काढायचे. मागांच्या पायांखाली रबर घालायचं, म्हणजे हादरा जमिनीतून भिंतीत चढणार नाही. आणि वरचा पत्रा, जो सगळा आवाज पुन्हा खाली फेकतो, त्याच्याखाली काहीतरी मऊ टांगायचं. एवढं केलं की वर्गातला काटा इथवर उतरेल, असं म्हणून मी यंत्राच्या तबकडीवर पेन्सिलीनं खूण केली.

"उतरन कायच्या भरवशावर?" एका विणकरानं विचारलं.

"गणिताच्या."

तो दुसऱ्याकडे बघून हसला. मला खात्री वाटत होती त्यापेक्षा जरा जास्तच दाखवावी लागली.

पण माणसं कामाला भिडली. मोमिनपुऱ्याकडून ट्रकच्या जुन्या टायरांचे तुकडे आले. मऊ काय टांगायचं हा प्रश्न मागांनीच सोडवला, तुटक्या सुताचे ढीग कोपऱ्यात पडलेलेच होते. आग लागू नये म्हणून सूत आणि गोणपाट तुरटीच्या पाण्यात बुडवून गच्चीवर वाळवले, बायकांनी दाभणानं पोती शिवली आणि पत्र्याखाली ओळीनं टांगली. मीही शिवली. माझी टाके घालण्याची पद्धत बघून रामभाऊंच्या बायकोनं पोतं हळूच काढून घेतलं आणि मला वडाभात खायला बसवलं, वर कढत फोडणीचं तेल सोडून. रोज संध्याकाळी मेश्रामबाई येऊन बघून जायच्या. "होईन ना मॅडम?" असं विचारायच्या, त्याच फाटलेल्या आवाजात, पण डोळ्यांत इतकी आशा की मला उत्तर देताना भीती वाटायची.

शनिवारी शाळा सुटल्यावर, माग जोरात चालू असताना, रिकाम्या वर्गात मी यंत्र लावलं. काटा पेन्सिलीच्या खुणेच्या एवढा जवळ थांबला की मी त्या विणकराला हात धरून आत आणलं. तो वाकून बघत राहिला, मग म्हणाला, "बाप्पा, गणित खरं बोलते." रामभाऊंनी पेढे मागवले. मी म्हटलं, थांबा, एकदा वर्ग भरलेला असताना मोजू. मेश्रामबाईंनी गल्लीतली पोरं गोळा केली आणि धडा सुरू केला.

काटा वर चढला आणि तिसऱ्या दिवशी होता तिथेच जाऊन बसला.

मी बॅटरी बदलली. माईक फुंकला. भिंतीला कान लावला, तर भिंत शांत होती. पेढ्यांचा पुडा कुणी उघडेना. "मशीन थकलं असन," रामभाऊ मला धीर देत म्हणाले, आणि मी त्यांच्यावर उगाचच खेकसले. तेवढ्यात मेश्रामबाई फळ्यावर लिहायला वळल्या, आणि काटा झपकन खाली आला. त्या पोरांकडे वळून बोलू लागल्या, काटा वर गेला.

मी यंत्र बंद केलं. "सोमवारी बघू," म्हणाले.

रामटेकच्या अलीकडे

रविवारी मेश्रामबाई मला त्यांच्या आईकडे घेऊन गेल्या. रामटेकच्या अलीकडे एका खेड्यात धानाची थोडी शेती आहे. कापणी झालेली, खळ्यावर पेंढ्या रचलेल्या, लांब गडावरच्या देवळांची शिखरं. आमच्याकडे भात म्हणजे मावळातला, चिखलातला. इथे सगळं कोरडं आणि पिवळं, आणि इतकं शांत की पेंढीतून दाणा पडलेला ऐकू यावा.

त्या शांततेत बाई आईशी बोलू लागल्या आणि झाडावरचे बगळे उडाले.

"अवं, हळू बोल वं," म्हातारी म्हणाली. "मी काय बहिरी हाव का?" मग माझ्याकडे वळली. "पयले अशी नव्हती ही. इतकी हळू बोले का मले दोनदा पुसा लागे. मास्तरीण झाली अन् अशी झाली."

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. शेवटी बाईंनीच विचारलं, "मॅडम, काल काय झालं ते तुम्ही सांगून नाही राहिल्या."

खळ्याच्या कडेला बसून मी सांगितलं. भिंतीतून आता आवाज येत नाही. काटा तुमच्या आवाजानं चढतो. मागांचा आवाज पलीकडेच अडलाय, पण तुम्ही अजून त्याच्यावरूनच बोलता. फक्त वर्गात नाही, फलाटावर, रिक्षात, इथे सुद्धा.

त्यांनी पेंढीतली एक काडी ओढली आणि तिचे बारीक तुकडे करत राहिल्या.

"म्हणजे एवढ्या माणसांनी पोती शिवली," त्या म्हणाल्या, "अन् गोंगाट मीच करून राहिली होती?"

"आता उरलेला तेवढा."

"मले हळू बोलता येत नाही आता. मी करून पाह्यलं. हळू बोलाले गेले का वाटते, मी बोलूनच नाही राहिले. भिंतीमागच्या खडखडाटात मी पुसली जाईन असं वाटते."

रबर घालता येतं, पोती टांगता येतात. माणसाच्या सवयीखाली काय घालायचं ते कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही. मी त्यांचा हात धरला.

आम्ही रात्री तिथेच राहिलो. सकाळी जाग आली ती एका आवाजानं. बारीक, स्वच्छ, एकसारखा. मी उठून दारात गेले. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, समोर मेणबत्ती, आणि म्हातारी आई व लेक हात जोडून वंदना म्हणत बसलेल्या. म्हातारीचा आवाज कापत होता, म्हणजे तो दुसरा आवाज मेश्रामबाईंचा होता. त्यात कुठेही भेग नव्हती. मी चौकटीला धरून उभी राहिले. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

वंदना संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं वं ताई?" हे पुन्हा मोठ्यानं. मॅडमची ताई मी त्या सकाळी झाले.

"काही नाही," मी म्हटलं. "आत्ता म्हणत होतात त्या आवाजात शिकवा."

"तो वंदनेचा आवाज झाला."

"मग पोरांना तो का नको?"

परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि ओठ हलत होते.

सोमवार

वर्ग भरला होता. पलीकडे माग चालू होते, भिंतीतून त्यांची बारीक कुरकुर फक्त येत होती. मी मागच्या बाकावर यंत्र घेऊन बसले. रामभाऊ चपला काढून दाराशी उभे राहिले.

मेश्रामबाईंनी पुस्तक उघडलं, डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि वाचायला लागल्या. त्या सकाळच्या आवाजात. पहिल्या ओळीला पोरं चुळबुळली. त्यांना बाई बोलताहेत हेच कळलं नाही, दोघांनी तर आपसांत मारामारीच सुरू केली. बाईंचा आवाज चढू लागला. काटा चढू लागला. मी दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले. त्या थांबल्या, पदराच्या टोकानं कपाळ टिपलं आणि पुन्हा खालून सुरुवात केली. हळूहळू पुढच्या रांगेतली पोरं पुढे वाकली, मग त्यांच्या मागची. मारामारी करणारे दोघेही गप्प झाले, बाईंचं ऐकू येईना म्हणून.

शेवटच्या रांगेतून रामभाऊंच्या मुलीनं हात वर केला. "बाई, तुमचा घसा दुखून राहिला का?"

"नाही वं," मेश्रामबाई म्हणाल्या. "हाच माझा आवाज हाय."

मुलगी खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, "छान हाय ना?" त्या वर्गात आता तेही ऐकू आलं. मी काट्याकडे पाहिलं नव्हतं. रामभाऊंनी खूण करून विचारलं तेव्हा पाहिलं, तो पेन्सिलीच्या रेघेच्या किंचित वर होता. शनिवारचे पेढे त्या दिवशी वाटले, थोडे कडक झाले होते.

स्टेशन

मी निघाले तेव्हा नाताळची सुटी लागली होती. डॉक्टरांनी बाईंना बजावलं होतं की सुटी संपेपर्यंत एक शब्दही काढायचा नाही, घशाला पूर्ण विसावा. तरी त्या स्टेशनवर आल्या, रामभाऊंबरोबर, हातात संत्र्यांनी भरलेली आमच्या शेजारच्या काकूंची पिशवी आणि एक कापडात बांधलेला डबा. या वेळी पेटी मी त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी ती फलाटभर छातीशी धरून आणली.

फलाटावर नेहमीचा गदारोळ. चहावाले, हमाल, शेजारच्या रुळावर वाफ सोडणारं इंजिन. पेटी शेजारी आणि डबा मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले. गाडीनं शिटी दिली आणि माझ्या मनात एकदम सगळं दाटून आलं. या बाईंची फाटलेली हाक मला याच फलाटावर पहिल्यांदा ऐकू आली होती. गाडी हलली. मी खिडकीतून तोंड बाहेर काढून होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "बाई, आवाज सांभाळा!"

सगळा फलाट माझ्याकडे बघू लागला. माझ्या शेजारचे गृहस्थ दचकले. मेश्रामबाईंचं तोंड उघडलं, मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. मी श्वास धरला. त्यांनी तोंड मिटलं. गाडीबरोबर चार पावलं चालत त्यांनी आधी एक बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं, आणि त्या हसल्या. मग पाचही बोटं जुळवून ओठांशी नेली आणि भुवया उंचावल्या.

मी मांडीवरचा डबा उघडला, भाकरीचा तुकडा तोडला आणि त्यांना दिसेल असा वर धरून तोंडात घातला.